क्रुसाचं शेत, चेडोबाचं शेत

कळंब रस्ता, नालासोपारा (प.)
८ ऑक्टोबर २०२५

ती. शकूआत्यास,
धनेशचा सा. न. वि. वि.

एलिनाने बांधापलीकडून माझ्याकडे भाताच्या लोंब्या मागितल्या आणि त्या क्षणापासून माझं सगळं उलटंपालटं झालं. हे आधी लिहून टाकतो, खुशाली मागाहून.

एलिना म्हणजे आपल्या शेजारच्या पीटरकाकांची मुलगी. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा दोन वेण्या घालायची. आता सोपाऱ्याच्या शाळेत शिकवते आणि रस्त्यात मुलं तिला गुड मॉर्निंग टीचर म्हणतात, संध्याकाळी सुद्धा. रविवारी त्यांचा आगेरा होता. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये वाजतगाजत नेतात ना, तोच. पण सप्टेंबरअखेर जो पाऊस झाला त्यात रस्त्याच्या नव्या भरावाने पाणी अडून त्यांचं क्रुसाचं शेत बुडालं. क्रुसाचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. आपलं चेडोबा देवाचं शेत खाडीकडे, तिथलं पाणी उतरून गेलं, ते वाचलं. शनिवारी संध्याकाळी ती चपला हातात घेऊन बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, धनेश, आमचं सगळं कुजलं, तुमच्यातल्या थोड्या लोंब्या दे, रिकाम्या हाताने कशी जाऊ.

आत्या, बालवाडीपासून ओळखतो मी तिला. कॉलेजात एका वर्गात होतो. पण असं कधी काही झालं नव्हतं. मी विळा घेतला आणि कापतच सुटलो. ती म्हणाली, अरे मूठभर मागितल्या, भारा नाही. आणि हसली. तेव्हापासून मला जेवण जात नाही. आई म्हणते पित्त झालंय.

बाकी क्षेम. तलाठीभाऊ येऊन बुडलेल्या शेतांचे पंचनामे करून गेले, सरकार भरपाई देणार म्हणतात. एक गंमत सांगायची राहिली. ऑगस्टमध्ये मी आपली आणि पीटरकाकांची, दोघांची ई-पीक पाहणी मोबाइलवर केली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. मी चेडोबाजवळ उभा राहून बाबांचा गट नंबर टाकला, तर मोबाइल म्हणतो तुम्ही तुमच्या शेतापासून दूर आहात. चिडून पुढे चालत गेलो. क्रुसापाशी पोचल्यावर म्हणतो, बरोबर! मग पीटरकाकांचा नंबर टाकला, तर तो चेडोबापाशी बरोबर. मी तसेच फोटो काढून दिले. मोबाइललाही वेड लागलंय, मला एकट्यालाच नाही.

कॉलेजचं विचारू नकोस. सरांनी हजेरीवरून सगळ्यांसमोर बोलल्यावर मी वही त्यांच्या टेबलावर आपटून निघालो ते निघालो, आता कोणत्या तोंडाने जाऊ? पावसाने आपलं पुढचं दार फुगलंय, आपटल्याशिवाय लागत नाही. बाबा म्हणतात, या घरात ते दार आणि तू, दोघं सारखेच.

पत्र लवकर टाक. लोभ आहेच तुझा, या पाण्यात वाहून जाऊ देऊ नकोस.

तुझा,
धनेश


बोर्डी
१७ ऑक्टोबर २०२५

चि. धनेश यास,
शकूआत्याचे अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी, एकदा माझ्या करमणुकीसाठी. कान गेल्यापासून फोन माझ्या काही कामाचा राहिला नाही, तेव्हा तू लिहितोस हे फार बरं करतोस. कागदावर ओरडावं लागत नाही.

पित्त कसलं ते तुझी आई ओळखून असेल, तुला दाखवत नाही इतकंच. मुलीनं मूठभर मागितलं तर मूठभर द्यावं रे. भारा दिला की घेणाऱ्याला ओझं होतं. एवढं माझं ऐक, बाकी तू ऐकणार नाहीसच.

तुझ्या मोबाइलला वेड लागलेलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे ते त्याला ठाऊक आहे. ती दोन्ही शेतं पूर्वी सावकाराची. कूळकायद्यात जो जे कसत होता ते त्याच्या नावावर चढलं. तुझ्या आजोबांच्या नावावर क्रूस असलेलं शेत लागलं आणि पीटरच्या बापाच्या, पास्कलबाबांच्या नावावर चेडोबाचं. आणि दोघांच्या डोक्याला ताप. मे महिन्यात क्रुसापाशी लोक मेणबत्त्या घेऊन यायचे, तुझे आजोबा औत थांबवून उभे. इकडे आपली माणसं चेडोबाला कोंबडं द्यायला जायची, ती पास्कलबाबांच्या राबातून, रोपं तुडवत. शेवटी एके दिवशी दोघं बांधावर बसले आणि म्हणाले, तुझा देव तू घे, माझा मला दे. झाली अदलाबदल. मी आठेक वर्षांची असेन, पास्कलबाबांनी मला नारळाचा पाव दिला होता, म्हणून लक्षात राहिलं. कागद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोन्ही शेतं सारखीच, पाणी सारखंच, कागद कशाला?

तेव्हापासून सातबारावर उलटं आणि जमिनीवर सुलटं, असं चाललंय. जयरामला, तुझ्या बाबांना म्हणावं, एकदा नीट करून टाक. सातबारावर वारस म्हणून माझंही नाव आहे, लागेल तिथे सही देईन.

चिकूला यंदा बरा बहर आहे. येशील तर पोटभर खा. पत्रातून चिकू जात नाहीत, आशीर्वाद तेवढे जातात, ते पोचते कर.

तुझी,
शकूआत्या


नालासोपारा
२९ नोव्हेंबर २०२५

ती. शकूआत्यास,
धनेशचा सा. न. वि. वि.

आत्या, इथं नुसता गोंधळ आहे. मला आता डावं-उजवं कळेनासं झालंय.

भरपाई आली. बाबांच्या खात्यात! दिवाळीत बाबांनी सामाईक खातेदार म्हणून तुझी संमतीची सही आणली ना, ती त्याचीच. पंचनामा झाला गट नंबरावर. बुडालं क्रुसाचं शेत, कागदावर ते आपलं, म्हणून सरकारच्या मते नुकसान आपलं. पीटरकाकांचं शेत कागदावर चेडोबाचं, तिथं भात उभा होता, म्हणून त्यांचं नुकसानच नाही. ज्याच्या घरात या वर्षी भाताचा दाणा आला नाही त्याला शून्य, आणि ज्याच्या कणग्या भरल्या त्याच्या मोबाइलवर शासनाचा मेसेज, आपणास झालेल्या नुकसानीबद्दल.

मी ताडकन तलाठी कार्यालयात गेलो. म्हटलं भाऊ, चूक झालीय, आमचे पैसे काढून घ्या. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी दारू पिऊन आलोय. म्हणाले, नाव बरोबर, गट बरोबर, फोटो तूच काढलास तो बरोबर, खातं बरोबर. तक्रार काय लिहू? मला माझेच पैसे मिळाले, अशी? बाहेर रांगेतली माणसं हसायला लागली. मी तिथं जरा मोठ्याने बोललो. जरा म्हणजे शिपाई मला दारापर्यंत सोडायला आला.

घरी येऊन बाबांना म्हटलं, उचला आणि पीटरकाकांना देऊन या. त्यांनी पहिल्या दिवशी हो म्हटलं, खरंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, देऊ, पण कोणत्या नावाने देऊ? उद्या सरकारनं परत मागितले तर? कळंबमधल्या एकाकडून किसान सन्मानचे हप्ते वसूल केलेत म्हणे. तिसऱ्या दिवशी भावकीतला विकीदादा आला. तुला माहीत आहे त्याचं, हल्ली जमिनीच्याच गोष्टी. त्याने बाबांना समजावलं की काका, सरकारनं तीनदा सांगितलंय क्रुसाचं शेत तुमचं. सातबारात सांगितलं, पीक पाहणीत सांगितलं, आता पैसे देऊन सांगितलं. तुम्ही हातानं पैसे दिलेत की कसणारा पीटर, हे कबूल केल्यासारखं होईल. रस्ता रुंद झालाय, क्रुसाच्या शेताला रस्त्यालगतचा पुढा आलाय, लग्नाचं लॉन करायला पार्टी तयार आहे. चेडोबाकडे खाडी आणि तिवरं, तिथं कोन फिरकणार?

आता बाबा काहीच करत नाहीत. पैसे बँकेत तसेच. ते हातही लावत नाहीत आणि देतही नाहीत. विचारलं की म्हणतात, सरकारला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

आणि पीटरकाकांचं सगळ्यात वाईट. रोज सकाळी बांधावरून जाताना बाबांना हात करायचे, ते बंद झालं. आपल्याकडून लोंब्या नेणारी मुलगी आता रस्ता ओलांडून पलीकडून जाते. फोन लावला तर लागत नाही. म्हणजे मला तिने ब्लॉक केलंय. आत्या, ते फोटो मी काढले. क्रुसापाशी उभा राहून, दात काढून. आता ते शेत गेलं तर ती माझं तोंड बघेल का?

तूच सांग काय करू. अक्कल असेल तर थोडी पाकिटात घालून पाठव.

तुझ्या मायेच्या आशेवर,
धनेश


बोर्डी
८ डिसेंबर २०२५

चि. धनेश यास,
शकूआत्याचे अ. आ.

सही मी न वाचता केली. जयराम म्हणाला आपल्या शेताची भरपाई, मी म्हटलं आपल्या म्हणजे चेडोबाच्या. आपला गोंधळ असा आहे की आपण बोलताना एक शेत बोलतो आणि लिहिताना दुसरं.

अक्कल माझ्याकडे जेमतेम आहे, पण एवढं लिहिते. तू सध्या काही करू नकोस. विशेषतः पीटरकडे जाऊ नकोस. तुझं डोकं तापलं की तोंड आधी धावतं. शेताचं निस्तरायला बाबा आहेत, मी आहे. मुलीचं मनातलं मनात ठेव. दोन्ही एका पिशवीत घालून पीटरच्या दारात नेलीस तर पिशवी फाटेल.

नाताळच्या आत जयरामला पत्र घालते म्हणत होते, पण वाटलं समोरासमोर बोलावं. पाय दुखतात म्हणून निघणं होत नाही. बघू.

गूळ पाठवते, पण विकीच्या हाती नको, दुसरं कुणी आलं तर. आहेस तसा राहा, फक्त जरा हळू.

तुझी,
शकूआत्या


नालासोपारा
२८ डिसेंबर २०२५

ती. शकूआत्यास,
धनेशचा नमस्कार, साष्टांग घालायला तोंड नाही.

गेलो. तू नको म्हणालीस तरी गेलो. सगळं ऐक मग काय ते बोल.

नाताळच्या आदल्या दिवशी जेवताना बाबांना एकदम सुचलं. म्हणाले, तुला पीटरची पोरगी आवडते ना? (आईने सांगितलं. पित्त!) मग झालं की. सोयरीक झाली तर कोणतं शेत कुणाचं, प्रश्नच राहत नाही. क्रूस इथंच, चेडोबा इथंच, पैसे घरातल्या घरात. मी अदलाबदलीच्या कागदावर सही करायला तयार आहे, पण पोरगी या घरात येणार असेल तर. नाहीतर रस्त्यालगतचं सोडून खाडीकडचं घेऊन मला काय मिळालं?

आत्या, शप्पथ सांगतो, मला त्यात काही वाईट दिसलंच नाही. उलट वाटलं, बाबा हो म्हणाले! जातधर्माचं एक अक्षर न काढता हो म्हणाले! मला रात्रभर झोप नाही. नाताळच्या दिवशी निळा शर्ट घालून, मिठाई घेऊन गेलो. ओट्यावर त्यांनी येशूजन्माचा गोठा मांडला होता, गवत, मेंढ्या, दिवे. आत पाहुणे, पीटरकाका केक कापत होते. एलिना पाणी घेऊन आली. मला कुठं थांबावं कळलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, काका, माझं एलिनावर प्रेम आहे, बाबा अदलाबदलीच्या कागदावर सही करतील, दोन्ही शेतं एकाच घरात राहतील.

पीटरकाकांनी सुरी खाली ठेवली. हळू आवाजात विचारलं, मुलगी मागायला आलास की बांध काढायला?

मी काय बोललो ते लिहवत नाही. थोडक्यात, तुमचे पैसे तुमच्या तोंडावर आणून फेकतो, असं म्हणालो. ज्यांचे पैसे, ज्यांचं नुकसान, त्यांनाच. खुर्ची लागून पडली. बाहेर पडताना त्यांचं दार असं आपटलं की ओट्यावरचा गोठा हलला आणि मेंढ्या घरंगळल्या. मागे वळून बघितलं नाही.

घरी आलो तर बाबांनी विचारलं, काय म्हणाले? आत्या, मला कळत नाही. मी प्रेमाचं बोलायला गेलो होतो की बाबांचा निरोप्या होऊन? दोन्ही खरं होतं. मग एकाने दुसरं खोटं कसं काय झालं?

रागाव, पण लिही.

धनेश


नालासोपारा
४ जानेवारी २०२६

धनेश,

तुझा नंबर ब्लॉक आहे आणि तो तसाच राहील, म्हणून हा कागद. शाळेतल्या मुलाकरवी पाठवते आहे, त्याला उलट काही देऊ नकोस.

मेंढ्या मी उभ्या केल्या. एकीचा पाय मोडला, ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. पाहुण्यांमध्ये माझी मुख्याध्यापिका होती, हे तुला माहीत असायचं कारण नाही. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मला विचारतात, शेताचं काय ठरलं? माझं काय ठरलं, असं कुणी विचारत नाही.

तूही विचारलं नाहीस. तू पप्पांना विचारलंस, तेही शेताच्या नंतर. कॉलेज अर्धं सोडलंस तसं हे वाक्यही अर्धंच आणलंस. मी तुझ्याकडे लोंब्या मागितल्या तेव्हा तुझ्या हाताला चिखल होता आणि तू गाढवासारखा भारा कापत होतास. तो मुलगा मला आवडला होता. निळा शर्ट घालून आलेला कोण होता, मला माहीत नाही.

पप्पांचं म्हणणं सांगते. ते अदलाबदलीच्या कागदावर सही करायला तयार आहेत, आजही. चेडोबाचं शेत तुमच्या नावावर, क्रुसाचं आमच्या. पण त्यात मुलीचा विषय असेल तर ते पेन हातात धरणार नाहीत. माझ्या बापाने शेत देवासाठी बदललं, मी ते पोरीसाठी बदलणार नाही, असं म्हणाले. मे महिन्यात इनेझआजीला क्रुसापाशी बसून रोझरी म्हणायची असते. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही की तिथं लग्नाचं लॉन होणार आहे.

मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. एवढं वर्गातल्या मुलांनाही कळतं.

एलिना


नालासोपारा
६ जानेवारी २०२६

ती. शकूआत्या,

घाईत लिहितोय. सा. न. समजून घे.

एलिनाचं पत्र आलं. बाबा म्हणतात पोरगी येणार असेल तरच सही. पीटरकाका म्हणतात पोरीचं नाव निघालं तर सही नाही. मी मध्ये. मी असलो तरी कागद होत नाही, नसलो तरी होत नाही. विकीदादाने पार्टीला संक्रांतीनंतर जमीन दाखवायला बोलावलंय.

काल बाबांना सांगून टाकलं, मला नाही करायचं लग्न, तिच्याशी नाही, कुणाशीच नाही, सोडा तो विषय आणि सही करा. ते म्हणाले, मग सही कशाला करू? आणि भाकरी मोडून खायला लागले. मी भिंतीवर डोकं आपटायचा बाकी होतो.

तू येत नसशील तर निदान बाबांना लिही. तुझं ते ऐकतात. ऐकत नसले तरी वाचतात.

धनेश


बोर्डी
१२ जानेवारी २०२६

चि. जयराम यास,
शकूताईचे अ. आ. वि. वि.

मी तुला सहसा पत्र लिहीत नाही, तू उत्तर देत नाहीस. आजच्याला द्यावं लागेल.

धनेशनं सगळं कळवलंय. त्याच्यावर रागावू नकोस, त्याला सांगायला दुसरं कोणी नाही. तू म्हणतोस कागद बोलतो ते खरं. ठीक आहे, मग आपण सगळंच कागदानं करू. मी सातबारा मागवून चष्मा लावून वाचला. क्रुसाचं शेत आपल्या नावावर आहे, बरोबर. आपल्या म्हणजे तुझ्या आणि माझ्या. वाडीत तुझं आणि माझं. तू राहतोस त्या घराच्या उताऱ्यावर तुझं आणि माझं. बाबा गेले तेव्हा तू म्हणालास, ताई, हक्कसोड पुढच्या खेपेला करू. मी म्हटलं, माझं काही मागणं नाही, कागद कशाला? इतकी वर्षं तू माझ्या त्या एका शब्दावर जेवतो-झोपतो आहेस. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माहेरी आले की ताटात पहिली भाकरी माझी असते, मला पोचलं.

पण तू बाबांचा आणि पास्कलबाबांचा शब्द मोडणार असशील, तर माझा कशाला जपू? अर्धं क्रुसाचं शेत माझं, ते मी विकू देणार नाही. अर्धी वाडी माझी. घरातली खाडीकडची खोली मला दे, पाय दुखतात, बोर्डीचा जिना आता होत नाही.

आणि कागदावर चेडोबाचं शेत पीटरचं आहे, हे विकीनं तुला सांगितलं का? पुढच्या जत्रेला चेडोबाला नारळ फोडायला तू पीटरची परवानगी मागणार का? तो देईल रे. तो न मागता देईल. तेच तर मला सोसणार नाही.

त्या अदलाबदलीच्या वर्षी तू पाळण्यात होतास. आईचं दूध आटलं होतं. पास्कलबाबांच्या घरून दुधाचा लोटा यायचा. हे कोणत्याच उताऱ्यावर नाही, म्हणून लिहून ठेवते.

दिवस ठरव. मी टॅक्सी करून येते. जे काही सही करायचं ते एकदाच करू, तू म्हणशील त्या बाजूनं. काय ठरवतोस तेवढं कळव. माया आहेच, तिला उतारा लागत नाही.

तुझी,
ताई


नालासोपारा
१६ फेब्रुवारी २०२६, पहाटे

एलिना,

नमस्कार वगैरे काय लिहू कळत नाही, म्हणून एलिना इतकंच. हे पत्र शकूआत्या तुझ्या हातात देईल. ती परवा आलीय. ऐकू येत नाही, पण कुणी खोटं बोललं तर तिला दिसतं, तेव्हा तिच्याशी जपून.

आज वसईच्या रजिस्टर ऑफिसात कागद होणार, हे तुला माहीत आहेच. क्रुसाचं शेत तुमच्या नावावर, चेडोबाचं आमच्या. बाबा, आत्या आणि तुझे पप्पा जाणार. विकीदादा दोन दिवस बोलत नाही. बाबांनी आत्याचं पत्र मला वाचायला दिलं नाही. चार दिवस ते खिशात घेऊन फिरत होते. मग एकदा आईला म्हणाले, ताईचं अक्षर अजून तसंच आहे, आणि तिला दिवस कळवायला पोस्टात गेले.

शुक्रवारी बाबा भरपाईचे पैसे काढून बांधावरून तुमच्याकडे आले, ते तू शाळेत असताना. मी चेडोबाच्या मागे उभा राहून बघत होतो, हे खरं सांगतो. पप्पा घेत नव्हते. हात मागे बांधून उभे. सरकारनं तुला दिले, तुझ्याकडेच ठेव, म्हणत होते. बाबांनी पैसे पुढे धरूनच ठेवले. मग म्हणाले, पीटर, हे सरकारचं नाय, तुझ्या भाताचं हाय. मग पप्पांनी घेतले. परत येताना बाबांच्या खांद्यावर केळीचा घड होता आणि ते उगाचच आईवर खेकसले. आईने हसून घड टांगला.

मी ऑफिसात येणार नाही. मी तिथं उभा राहिलो तर तुझ्या पप्पांना वाटेल मी माझा वाटा घ्यायला आलोय, आणि बाबांना वाटेल अजून आशा आहे. या कागदात मी कुठंच नाही. तुझं नावही नाही. तसंच असायला हवं होतं ना? तरीही मला कळत नाही, मी काय केलं. काही मिळवलं की घालवलं? लिहिताना वाटतं बरोबर केलं, थांबलं की वाटतं मूर्खपणा केला. तुझ्या वर्गातल्या मुलांना विचार एकदा.

एक प्रश्न मला विचारायचा आहे, पूर्ण, तुला, तुझ्या पप्पांना नाही. पण आज विचारला तर त्याला शेताचा वास येईल. म्हणून आज विचारत नाही. पुढच्या आगेऱ्याला तुमच्या शेतात तुमच्याच लोंब्या असतील, तुला कुणाकडे मागाव्या लागणार नाहीत. तरी मागितल्यास तर मूठभरच देईन. शिकलोय.

मुख्याध्यापिकाबाईंना सांग, शेताचं ठरलं.

आत्या महिनाभर इथं राहणार, खाडीकडच्या खोलीत. तिच्या चिकूंना पाणी घालायला आणि फळं उतरवायला बोर्डीला कुणीतरी हवं, किल्ल्या तिने माझ्या हातात दिल्या. जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरायचा की नाही ते तिथंच ठरवीन. सरांची माफी मागावी लागेल. माफीचा सराव म्हणून ही एक तुझी मागतो, गोठ्याबद्दल, मेंढीच्या पायासकट.

सगळे झोपलेत. बाबांनी सहीसाठी इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर ठेवलाय. पत्र आत्याच्या उशाशी, चष्म्याखाली ठेवतो. पिशवी खांद्याला आहे. पावसात फुगलेलं आमचं दार थंडीतही सुकलं नाही, पण खालून जरा उचलून धरलं की ते आवाज न करता लागतं, हे मला काल कळलं. इतकी वर्षं मी ते आपटत होतो. कुणी जागं व्हायला नको.

निघतो. दार ओढून घेतो.

धनेश